गश्ती निशान ५३ आणि तुम्ही

या प्रवासात तुम्ही पुढारी नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या किंवा गोविंदभाई श्रॉफांच्या डोळ्यांनी हैदराबादचा मुक्तिसंग्राम पाहायचा नाही. ती नावं शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत. तुम्ही आहात परभणी जिल्ह्यातलं एक साधं माणूस. कधी कापसाच्या आडतीवरचे मुनीम, कधी चार एकरांचे शेतकरी, कधी घरातली थोरली सून. घरी लेकरं आहेत, डोक्यावर सावकाराचं देणं आहे, आणि अमीनसाहेबांचा, म्हणजे निजामाच्या फौजदाराचा, घोडा गावात शिरला की तुमच्याही पोटात गोळा येतो.

राज्य सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं. १९४१च्या जनगणनेप्रमाणे या संस्थानात १ कोटी ६३ लाख माणसं राहतात. हे राज्य कुणी चालवावं, हे ठरवण्याचा हक्क त्यांच्यातल्या कुणालाच नाही. आसपासचे लोक या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणतात.

सोबत प्रश्न एकच घ्यायचा. जिवाची आणि लेकराबाळांची काळजी असलेल्या माणसाला अशा राज्यात दुसऱ्याच्या हक्कासाठी नेमकं काय करता येतं?

परतूर, जून १९३७

गाडी मीटरगेजची, निजामाच्या रेल्वेची. तुम्ही सेलूला बसलात आणि परतूरला उतरलात. आज हे गाव जालना जिल्ह्यात आहे. या क्षणी ते परभणीचं आहे. खिशात हाली सिक्का, कारण या राज्याचं नाणंही वेगळं. स्टेशनाबाहेर चिकटवलेला सरकारी हुकूम उर्दूत आहे. तुमचं घर मराठी, बाजार मराठी. पण कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू, वरच्या वर्गांतलं शिक्षणही उर्दू. आपल्याला काय करायला मनाई आहे, हेही तुम्हाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं.

मनाई कशाकशाची आहे, हे मात्र न वाचताही सगळ्यांना पाठ आहे. ‘गश्ती निशान ५३’ या नावाचं एक परिपत्रक आठ-नऊ वर्षांपूर्वी निघालं. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी आधी हवी. खासगी शाळा काढायची, परवानगी. तालीम काढायची, परवानगी. चार माणसांनी एकत्र बसून मोठ्यानं बोलायचं ठरवलं, की तो सरकारचा विषय होतो.

आणि तरी आज परतूरला मांडव पडलाय. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन आहे. अध्यक्ष गोविंदराव नानल. उन्हाच्या तावानं मांडवाचं कापड तापलंय आणि पाण्याच्या माठांभोवती गर्दी आहे. निजामाला हटवा, असं इथं कुणी म्हणत नाही. मुलांना मराठीतून शिकू द्या, वाचनालयं उघडू द्या, सभा घेऊ द्या, अशी भाषा आहे. कायद्याच्या कुंपणाला हात न लावता कुंपणाच्या आत जेवढी जागा आहे तेवढी सगळी वापरायची, असं या लोकांनी ठरवलेलं दिसतं.

मांडवाच्या कडेला एक माणूस वही घेऊन बसलाय. तो पत्रकार नाही. कोण आलं, कोण कुणाशेजारी बसलं, हे तो टिपतोय. तुमचे शेठजी आडतीवर निघताना म्हणाले होते, “मुनीमजी, परतूरला जायलाव तर जा. पण पुढं बसू नका.”

तुम्ही दाराशी उभे आहात. आत गेलात तर वहीत नाव येईल, बाहेर राहिलात तर येणार नाही. तुम्ही भाषण करणार नाही, ठराव मांडणार नाही. फक्त सतरंजीवर बसणार आहात. पण वहीवाल्याला खरी भीती त्या बसण्याचीच आहे. दहा माणसं बसली तर दहांना उचलता येतं. शेकड्यांनी बसली तर आधी विचार करावा लागतो. दडपशाहीचा सगळा हिशेब माणसाला एकटं पाडण्यावर चालतो. बसणारा प्रत्येक माणूस तो हिशेब थोडा बिघडवतो.

तुम्ही आत जाऊन बसता. शेजारचा शेतकरी सरकून जागा देतो. तो तुमचं नाव विचारत नाही.

परभणी, १९३८चा हिवाळा

दीड वर्ष गेलं. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच, ७ सप्टेंबर १९३८ रोजी, सरकारनं तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत परतूरच्या मांडवातले तेच गोविंदराव नानल. पाठोपाठ स्वामी रामानंद तीर्थ गेले. काल-परवापर्यंत ते शिक्षक होते, हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला. या चळवळीचे कितीतरी लोक शाळांमधूनच आलेत. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय: पोराला मातृभाषेतून शिकवणं हेच जिथं धाडस होतं, तिथं पगाराची शाश्वती नसताना मास्तर टिकून राहिले आणि पालकांनी फी साठवून दिली. त्या फीच्या पैशांतही चळवळ आहे, हे तुम्ही लक्षात ठेवा.

आता तुम्ही परभणीत एका ओट्यावर बसलाय. हातात पुण्याहून आलेला अंक आहे. आनंद कृष्ण वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्यातून काढलं, कारण संस्थानात ते निघूच दिलं नसतं. निजाम सरकार अंकाला बंदी घालतं, वाघमारे नाव बदलून तोच मजकूर पुन्हा आणतात. बंदी नावावर असते. नवं नाव आलं की सरकारला कागद पुन्हा रंगवावे लागतात. अंक टपालानं येईलच असं नाही. कुणीतरी मनमाडकडून येताना धोतराच्या घडीत आणतं.

या संस्थानात शंभरातल्या जेमतेम पाच-सहा माणसांना लिहितावाचता येतं. तुम्ही त्यांच्यातले एक. म्हणून तुमचं काम ठरलेलं: मोठ्यानं वाचायचं. समोर हमाल आहेत, बैलगाडीवाले आहेत, एक न्हावी आहे. आजची बातमी औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजची आणि उस्मानिया विद्यापीठाची. वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला मनाई झाली, पोरांनी संप केला, शेकडो पोरांची नावं काढून टाकली. परभणीत कॉलेज नाही, इथली पोरंही पुढं शिकायला तिकडंच जातात.

“मंग आता त्या लेकरायचं काय?” न्हावी विचारतो.

पुढचे अंक त्याला उत्तर देतील. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार या पोरांना प्रवेश देतील. एका विद्यापीठानं हाकललेल्यांना राज्याबाहेरच्या दुसऱ्या विद्यापीठानं बाकावर बसवलं. पुढं भारताचे पंतप्रधान झालेले नरसिंह रावही त्या पोरांमधलेच. राज्याबाहेरच्या माणसांनी मदत कशी करावी, याचा हा नमुना आहे. निषेधाचे ठराव खूप झाले असतील. पोरांच्या आयुष्याला उपयोगी पडला तो प्रवेशाचा अर्ज.

वाचून झालं की तुम्ही अंक जाळता किंवा पुढच्या माणसाला देता, घरात ठेवत नाही. घरी जाताना वाट थोडी वाकडी करता. त्या गल्लीत एका सत्याग्रहीचं घर आहे. तो तुरुंगात आहे. नातेवाईक येणं बंद झालेत, दुकानदार उधार देत नाही, कारण त्या घराशी बोलणं दिसतं. तुम्ही दोन पायल्या ज्वारी उंबऱ्याच्या आत ठेवता आणि त्याच्या बायकोला एवढंच सांगता, “वहिनी, सोमवारी कोर्टात तारीख आहे. मी येतो बरोबर.” सत्याग्रही तुरुंगात किती दिवस टिकेल, हे त्याच्या निश्चयावर जेवढं ठरतं तेवढंच त्याच्या चुलीवरही. ती चूल पेटती ठेवणाऱ्यांची नोंद कुठल्या वहीत नसते, पोलिसांच्याही नाही.

जिंतूर तालुक्यातलं एक गाव, ऑगस्ट १९४७

आता तुम्ही शेतकरी आहात. जमीन काळी, आभाळावर अवलंबून. गावापुरता निजाम म्हणजे हैदराबादच्या राजवाड्यातला माणूस नाही. तो तुम्ही कधी पाहिलेला नाही. तुमचा निजाम म्हणजे लेव्ही. महायुद्धाच्या काळात सक्तीची धान्यवसुली सुरू झाली आणि युद्ध संपूनही ती गेली नाही. देशमुखाच्या वाड्यावरचं माप सैल पडतं, तुमच्या खळ्यावरचं माप कसून भरतं. पाटील-पटवारी, शिपाई, मापाडी सगळे गावातलेच. जुलूम वरून येतो खरा, पण शेवटचं पाऊल तो ओळखीच्या पायांनी टाकतो. म्हणून त्याला अडवायची जागाही गावातच असते.

तुम्ही काय करता? पहिलं म्हणजे, आपलं माप आपण ठेवता. किती दिलं, कुणासमोर दिलं, तिथी कोणती. लिहिता येत नाही म्हणून भिंतीवर कोळशाच्या रेघा. दुसरं म्हणजे, एकटे पटवाऱ्याकडं जात नाही. पाच घरं मिळून जाता आणि पावती मागता. पावती मिळत नाही, पण मागितली गेली हे गावाला कळतं. पुढच्या वेळी अकरा घरं येतात.

परत येताना तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसते, आजवर रोज दिसूनही न दिसलेली. पटवाऱ्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन महारवाड्यातला एक म्हातारा उन्हात चाललाय. त्याला मजुरी मिळणार नाही. ही वेठ आहे. त्याच्या बापानंही केली, आजानंही. ती लावणारा फक्त निजाम नाही. तुमचा पाटील लावतो, आणि सुगीत तुम्हीही लावता. तुम्ही स्वतःसाठी पावती मागायला निघालात तेव्हा या माणसाला बरोबर बोलावलं नव्हतं.

हक्काची गोष्ट इथं अवघड होते. आपल्यावरचा जुलूम ओळखायला शहाणपण लागत नाही. अंगाला चटका बसतोच. आपल्या हातून होणारा जुलूम ओळखायला मात्र थांबून बघावं लागतं. त्या दिवशी तुम्ही गाठोडं त्याच्या डोक्यावरून उतरवता आणि पटवाऱ्याला म्हणता, “गाडी सांगा, भाडं द्या.” निजामाच्या हुकमाविरुद्ध गाव एक होतं, या वाक्यानंतर गाव तुमच्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागतं. कधीकधी आपल्याच माणसांत दिलेला नकार जास्त महाग पडतो.

११ जूनला निजामानं जाहीर केलंय की आपण स्वतंत्र राहणार. ७ ऑगस्टला ठिकठिकाणी भारतात सामील व्हा, अशी मागणी झाली. १५ ऑगस्टला दिल्लीत जो झेंडा फडकतोय, तो इथं लावणं गुन्हा आहे. त्याच दिवशी स्वामीजींना अटक होते. पोरं शाळा सोडतात. शिंदीची झाडं तोडली जातात, कारण आबकारीच्या पैशावर सरकारची तिजोरी भरते. रात्री शिवारात कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात. सकाळी अमीनसाहेब विचारतात, “कोण होतं?” सगळं गाव म्हणतं, “साहेब, आम्ही झोपेत होतो.” एवढ्या मोठ्या गावाला एकाच वेळी एवढी गाढ झोप लागायला एकजूट लागते.

पैनगंगेच्या अलीकडं, १९४८चा उन्हाळा

कळमनुरीच्या बाजूचं गाव, तेव्हा परभणी जिल्ह्यातलं. नदीपलीकडं वऱ्हाड, स्वतंत्र भारत. तुम्ही या घरातली थोरली सून आहात.

कासिम रझवी हा लातूरचा वकील आता रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, सर्वेसर्वा आहे. खाकीतल्या टोळ्या गावं लुटतात, घरं जाळतात. माणसं रातोरात बैलगाड्या जुंपून नदीपलीकडं निघालीत. उमरखेडला, वाशीमला चळवळीची केंद्रं आहेत. तिथून तरुणांच्या तुकड्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांवर चालून येतात. त्यांच्या हातात बंदुका आहेत, आणि त्याबद्दल चळवळीच्या आतही वाद आहे. तुमच्या हाती बंदूक नाही. तुमच्या हाती परात आहे.

मध्यरात्री मागच्या दारावर टकटक होते. सासू कूस न बदलता म्हणते, “भाकरी टाक.” तुम्ही विचारत नाही कोण आलंय. तुम्हालाही सांगितलं जात नाही. हा घराचा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे: माहीत असेल तेवढंच तोंडातून निघू शकतं, म्हणून लागेल तेवढंच माहीत असावं. दुसरा नियम असा की, एकाच घरावर सलग भार टाकायचा नाही. उद्या निरोप्या पलीकडच्या आळीत जेवेल. तिसरा नियम लेकरांसाठी: पाहुणा आला की तो मामाच. या नियमांनी माणसं वाचतात. धाडसाला शिस्त नसेल तर त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं.

सकाळी तुम्ही गोवऱ्यांची पाटी घेऊन निघता. गोवऱ्यांखाली एक कागद आहे. शिपाई बाईच्या पाटीत हात घालत नाही, शेणाच्या तर नाहीच. आशाताई वाघमारे, प्रतिभाताई वैशंपायन यांच्यासारख्या बायकांची नावं इतिहासात नोंदली गेली. त्यांच्यामागं अशा किती पाट्या होत्या, त्याची मोजदाद कुणी केली नाही.

कागदावर काय आहे, ते पाटी पोचवताना तुम्हाला कळतं. शेजारचं गाव कोणत्या दिवशी जळलं, कुणाचं घर, कोण गेलं, कोणी पाहिलं. वकील कोर्टांवर बहिष्कार घालून अत्याचारांची टिपणं गोळा करायलेत. घाबरलेली माणसं आकडे फुगवतात, कागद घेणारा म्हणतो, “बाई, जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. एक नाव खोटं निघालं तर बाकीची सगळी खोटी ठरवतील.” हे वाक्य तुम्ही पदराला बांधून ठेवा. खरी साक्ष हे गरिबाच्या हातातलं शस्त्र आहे, आणि खोट्याची भेसळ झाली की ते बोथट होतं.

परत येताना पिंजारी चाचा भेटतात. गावातलं एकच पिंजाऱ्याचं घर, तुमच्या भिंतीला भिंत. परवा रात्री त्यांनी तुमच्या मागच्या दारातून माणूस बाहेर पडताना पाहिला. काल रझाकार त्यांच्याच ओसरीवर पाणी प्यायला बसले होते. “इधर कौन आता-जाता?” असं त्यांना विचारलंही गेलं. चाचांनी सांगितलं, “बाजूवाले के घर में बच्चा बीमार है, वैद आया होंगा.”

त्यांना हे बोलायची सक्ती नव्हती. गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्यांनी स्वतःचा जीव मध्ये घातला.

ऑगस्टच्या अखेरीला चाचा बाजारातून आणखी एक बातमी घेऊन येतात. हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक ‘इमरोज’ हे उर्दू पत्र चालवत होता. रझाकारांविरुद्ध लिहीत होता, संस्थानानं भारतात सामील व्हावं म्हणत होता. सात प्रतिष्ठित मुसलमानांनी त्याच अर्थाचं निवेदन काढलं, तेही त्यानं छापलं. २१ ऑगस्टच्या रात्री त्याला घराकडं जाताना गाठून गोळ्या घातल्या आणि त्याचा हात तोडला.

“लिखनेवाला हाथ काट डाले, बाई,” चाचा सांगतात. ज्यांच्या नावानं रझाकार राज्य मागत होते, त्याच समाजातला एक माणूस शेजाऱ्यांच्या हक्कासाठी बोलला म्हणून मारला गेला. मोगलाईतला झगडा हिंदू-मुसलमानांचा होता, असं सांगणाऱ्यांना शोएबुल्लाचं नाव अडचणीचं वाटतं. म्हणून ते नाव परभणीच्या शाळाशाळांत सांगितलं पाहिजे.

तेच गाव, सप्टेंबर १९४८

१३ सप्टेंबरला भारताच्या फौजा चारी बाजूंनी शिरल्या. पाच दिवसांत सगळं आटपलं. १७ तारखेला शरणागती झाली, निजामानं रेडिओवरून ती सांगितली. गावात गुलाल आहे, झेंडा उघडपणे लागलाय. नदीपलीकडं गेलेल्या गाड्या परत यायल्यात. तुम्ही कितीतरी महिन्यांनी मागचं दार दिवसा उघडं ठेवता.

इथंच प्रवास थांबवला असता तर गोष्ट सोपी झाली असती. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काही माणसं गावात येतात. काही अनोळखी, काही ओळखीची. ज्यांचं घर रझाकारांनी जाळलं ते त्यांच्यात आहेत, आणि ज्यांचं काहीच गेलं नाही तेही आहेत. त्यांच्या हातात कुऱ्हाडी आहेत. ते पिंजाऱ्याच्या घराकडं निघालेत.

भारतीय फौजांच्या या ‘पोलीस कारवाई’नंतर मराठवाड्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. चौकशीसाठी भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली. काझी अब्दुल गफार तिचे सदस्य होते. सावधपणे केलेला त्यांचा अंदाजही २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. सर्वांत भयंकर स्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि तुमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांपुढं आला नाही. त्याच अहवालात हेही आहे की, अनेक हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. त्यात विणकरांचा उल्लेख आहे. हिंदू विणकर आपल्या मुसलमान विणकर भावांसाठी उभे राहिले.

तुम्ही हे आकडे जाणत नाही. तुम्हाला फक्त कुऱ्हाडी दिसतात. भिंतीच्या खिडकीतून तुम्ही चाचीला हाक मारता, तिला आणि पोरींना आत ओढता. चाचा मागून येतात. धान्याच्या बळदाआड त्यांना बसवता. मग सासू पुढच्या ओट्यावर जाऊन बसते, आणि तुम्ही तिच्या शेजारी.

“आत्याबाई, पिंजारी कुठं गेला?” गर्दीतला एक नात्यातलाच पोरगा विचारतो.

सासू त्याच्याकडं बघते. “रझाकार हाच प्रश्न त्याला विचारायले होते. तुझा भाऊ आमच्या घरात होता तवा. त्यानं काय सांगितलं, ठावं आहे का तुला?”

पोरगा गप्प होतो. गर्दी लगेच पांगत नाही; पण पुढचा माणूस थबकला की मागच्यांना धक्का द्यायला लाज वाटते. आजूबाजूच्या दोन ओट्यांवर आणखी दोन म्हाताऱ्या येऊन बसतात. मग तीन पुरुष येतात. परतूरच्या मांडवात कामाला आलेला हिशेब इथंही कामाला येतो. माणसं येऊन बसतात, आणि गर्दीला एकेक तोंड ओळखावं लागतं.

एक वर्षापूर्वी तुम्ही जे केलं ते सत्तेविरुद्ध होतं. आजची सत्ता तुमची आहे, झेंडा तुमचा आहे, गर्दी तुमची आहे. तरी काम तेच आहे. सगळ्या प्रवासातून शिकायचं ते हेच. मानवी हक्क म्हणजे आपल्या बाजूनं जिंकणं नव्हे. आपली बाजू जिंकल्यानंतर हरलेल्या बाजूच्या माणसाचं घर सुरक्षित राहिलं, तर हक्क जिंकले असं म्हणता येतं. ज्यांनी निजामाला नकार दिला आणि सप्टेंबरात गर्दीलाही नकार दिला, त्या माणसांना मी मुक्तिसंग्रामातले सर्वांत मोठे सैनिक मानतो.

१० डिसेंबर

गाव शांत होईतो डिसेंबर उजाडतो. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांची आमसभा मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर करते: ४८ देश बाजूनं, ८ तटस्थ, विरोधात एकही नाही. मसुद्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तिथं ‘सर्व मानव’ असा शब्द आला. तुमच्या सासूपर्यंत ही बातमी कधीच पोचणार नाही. पण ज्या माणसांचा त्या कलमात समावेश झाला, त्यांच्यात ती आहे, तुम्ही आहात, चाची आहे.

२६ जानेवारी १९५०पासून भारताची राज्यघटना तुमच्या गावालाही लागू होते. अनुच्छेद १९ म्हणतो, बोला, शांततेनं जमा, संघटना काढा: गश्ती निशान ५३ला मिळालेलं ते उत्तर आहे. अनुच्छेद २३नं वेठबिगारीला मनाई केली. उन्हातून गाठोडं वाहणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या नातवाला आता ‘नाही’ म्हणण्यासाठी कुणा शेतकऱ्याच्या दयेची गरज उरली नाही. निदान कागदावर तरी उरली नाही.

कागदावरचा हक्क जमिनीवर उतरवायचं काम मात्र संपत नाही. प्रवासाचा शेवटचा टप्पा आजच्या परभणीत, रेल्वे स्टेशनसमोर. १० डिसेंबर २०२४, मानवी हक्क दिन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापुढच्या राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, दगडफेक-जाळपोळ झाली, धरपकड झाली. अटक झालेल्यांपैकी कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. त्याची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. जुलै २०२५मध्ये न्यायालयानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला.

ही निजामाची राजवट नाही. आईला दाद मागता आली, न्यायालयानं ऐकलं, वर्तमानपत्रांनी छापलं. हाच १९३८ आणि आजच्या काळातला फरक आहे, आणि तो फरक सतरंजीवर बसलेल्या, ज्वारी पोचवणाऱ्या, पाटी वाहणाऱ्या माणसांनी मिळवून दिलाय. पण फरक आपोआप टिकत नाही. कोर्टात एकट्या आईशेजारी कोण बसलं, साक्षीदार घाबरल्यावर त्याच्या घरी कोण गेलं, यावर आजही खूप काही ठरतं.

म्हणून तुमच्या काळात परत आल्यावर एवढं करा. सभेला जाऊन बसा, भाषण करता आलं नाही तरी. बातमी वाचून दाखवा, पण खातरजमा केल्याशिवाय पुढं पाठवू नका. तुरुंगातल्या माणसाच्या घरी किराणा पोचवा आणि तारखेला सोबत जा. जे डोळ्यांनी पाहिलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा. आपल्या हातून कुणावर वेठ लादली जाते आहे का, ते बघा. आणि हे सगळं करताना तो माणूस आपल्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा आहे का, हे विचारायचं सोडून द्या. हा प्रश्न न विचारणारी माणसं ज्या गावात पुरेशी असतात, त्या गावात कुठल्याही राजवटीला मनमानी करणं जड जातं.